कळली नाही तर आजची धर

कुंदा विकीची पानं बनवायला कुणाकडे शिकली नव्हती. दुसऱ्यांची पानं उघडून, मोडून, पुन्हा जोडून तिने ते अंगवळणी पाडलं होतं. घाटकोपरच्या ग्रामस्थ मंडळाचं पान तीच सांभाळायची: उपनगरांत एकट्या राहणाऱ्या सव्वीस म्हाताऱ्या माणसांची यादी. फोन करणाऱ्याने तारीख लिहायची, कुंदाने पानात बसवलेला साचा आपोआप दिवस मोजायचा. चार दिवसांत फोन झालेला असला तर नावापुढे हिरवा ठिपका, नाहीतर तांबडा. तांबडा ज्याला दिसेल त्याने फोन लावायचा.

भानगड केली मंडळातल्या राजारामकाकांनी. ते तारखेच्या जागी ‘संकष्टी’ लिहायचे, ‘अमावास्या’ लिहायचे. साचा गडबडायचा आणि नावापुढे तांबड्या अक्षरांत ‘अवैध तारीख’ उमटायचं.

“जित्या माणसाच्या नावाफुडे ह्या काय तांबडा लिवलंस गो?” काका कडाडले.

कुंदालाही ते बरं वाटेना. तिने साच्यात एकच ओळ घातली: तारीख कळली नाही तर आजची धर. पान झकास दिसायला लागलं. त्या आनंदात तिने चहात साखर दोनदा घातली होती, आणि तो चहा तिला गोडही लागला होता.

गौरी जेवायच्या दुपारी निम्मं मंडळ गावी गेलेलं. कुंदा तांबड्या नावांना एकेक फोन लावत होती. मुलुंडच्या विमलामावशी मात्र हिरव्या, मोजलेले दिवस शून्य. म्हणजे आजच फोन झालेला. पण मावशी काकांच्या वाट्याच्या, आणि काका तर गावाला. त्यांचा फोन सहाव्या खेपेला लागला.

“काका, विमलामावशींना आज फोन केलात?”

“आज? अगो, हय रेंज खय गावता! संकष्टीक केलंय, लिवलंय पण थय.”

संकष्टी होऊन वीस दिवस झाले होते, आणि तिची ओळ रोज आजची तारीख धरत होती.

मावशींचा फोन बंद. रिक्षात कुंदाने पान तीनदा उघडलं. तीनदा हिरवा. तिसऱ्यांदा तिने मोबाइल पालथा घातला.

बेल वाजवली. पुन्हा वाजवली. शेजारची अक्षता दार उघडून बाहेर आली.

“आजी? त्या गावी गेल्यात ना? गणपतीच्या आधीपासून दिसल्या नाहीत.”

 कुंदाने दारावर मूठ आपटली. बराच वेळ काहीच नाही. मग आतून काहीतरी घासत घासत जवळ आलं आणि कडी निघाली.

मावशी खुर्ची ढकलत आल्या होत्या. पाय घोट्यापासून काळानिळा, ओठ फुटलेले.

“फोन बादलीत पडला. पाय मुरगळला. हाका मारल्या, कुणाला ऐकू गेल्या नाहीत. म्हटलं, मंडळ येईल बघायला.” त्या खुर्चीत कोसळल्या. “अकरा दिवस सुके पोहे खातेय गं. मेलात की काय सगळे?”

अक्षता डॉक्टरांना आणायला धावली. कुंदाने मावशींना पाणी पाजलं आणि तिथेच उंबऱ्यावर बसून मोबाइलवरून ती ओळ खोडली. नवी लिहिली: कळली नाही तर तसं सांग, तांबड्यात सांग.

पान पुन्हा उघडलं. काकांचं बघून किती जणांनी सणवार लिहिले होते ते आत्ता दिसलं. विमलामावशी धरून नऊ हिरवे ठिपके तांबडे झाले होते. सगळ्यात वर मानखुर्दचे चंद्रप्रकाश सावंत. ‘नारळी पौर्णिमा’.

तिने नंबर लावला. घंटी वाजत राहिली.

“कुणाला लावतेस गं?” मावशींनी विचारलं.

 घंटी वाजून वाजून थांबली. कुंदाने पुन्हा लावला.