नग म्हणून कळवणला गेलेला टेकू

मी टेकू बोलतोय. अंबडच्या एमआयडीसीत, उज्वलाताईंच्या थ्रीडी प्रिंटिंगच्या कारखान्यात, प्लॅस्टिकच्या थरावर थर चढत माझा जन्म झाला. कांदे निवडायच्या मशीनचं दातेरी चाक छापताना ते लोंबकळू नये म्हणून त्याच्याखाली मी उभा. चाक झालं की आम्हाला उपटून भंगारात टाकायचं, एवढंच आमच्या घराण्याचं आयुष्य.

मला कोणी सपोर्ट म्हणे, कोणी जाळी, कोणी आधार. ताईंच्या भाच्याला, हर्षलला, ते खपेना. त्याने प्रत्येक गोष्टीला एकच नाव दिलं, व्याख्या केली आणि कोण कोणाचं काय लागतं ते कॉम्प्युटरला शिकवलं. टेकू म्हणजे छापून झाल्यावर उपटला जातो तो. नग म्हणजे टेबलावर उरतो तो.

"आत्या, आता आपलं बोलणं जगभर कळेल."

"जगाचं राहू दे. कळवणच्या कारभारीभाऊंना आज चाक पोचलं पाहिजे, त्यांचा कांदा अडकलाय." एवढं बोलून ताई काही कामासाठी गंगापूर रोडला गेल्या.

नेमका मी टेबलाला असा चिकटलो, की हर्षलने ओढलं तर चाकच हातात आलं. कॅमेऱ्यातून बघणाऱ्या कॉम्प्युटरने चाकाला टेकू ठरवलं आणि मला नग.

पॅकिंगवाला सुनील म्हणाला, "हर्षलशेठ, चाक तर हे दिसतंय."

"दिसण्यावरच जायचं तर व्याख्या कशाला केल्या?"

"बरं बाबा. चाक भंगारात, भंगार खोक्यात."

मग काय, फोमवर लोळत मी निघालो. वणीपर्यंत तर मलाच वाटू लागलं, आपल्याला दात फुटतायत.

कारभारीभाऊंनी खोकं उघडलं. मागे रिकामा ट्रक, कांद्याचा ढीग, पोत्यांवर बसलेल्या बाया.

"फणी हाय का ही?" त्यांतल्या चंद्रभागाबाईंनी विचारलं.

ताईंना फोन गेला. त्यांनी कारखान्यात परत येऊन भंगाराचं पिंप उलटं केलं, चाक शोधलं आणि हर्षललाच मोटरसायकलवर पिटाळलं. चाक बसलं, मशीन सुरू झालं, पण एका पायावर असं थडथडू लागलं की कांदे बाहेर उड्या मारायला लागले. कारभारीभाऊंनी मला उचलून त्या पायाखाली सरकवलं. थडथड थांबली. अंधार पडायच्या आत ट्रक भरून गेला.

हर्षल मला परत मागू लागला.

"नाय जमायचं. मशीनचा भाग हाय तो," कारभारीभाऊ म्हणाले.

"भाऊ, मी व्याख्या सुधारलीय. आता तो भंगार आहे."

"मग काढून बघ."

त्याने काढलं. एक कांदा येऊन कपाळावर बसला. मुकाट्याने मला परत ठेवलं.

तेव्हापासून मुक्काम कळवण. अंगावर कांद्याची सालं, डोक्यावर मशीन. हर्षलने म्हणे कॉम्प्युटरात माझ्यासाठी नवा खाना उघडलाय, 'इतर'. त्यात मी एकटाच आहे. एवढीच विनंती, तुमच्या घरातलं कोणी कुठेच बसत नसेल, तर इकडे पाठवून द्या.