ज्ञानबाची मुंबई

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी ज्ञानबा मुंबईत तापानं गेला. गोदीतल्या सोबत्यांनीच त्याला अग्नी दिला आणि राख समुद्रात सोडली. गावी, हट्ट्याला, खबर आली तेव्हा त्याची माय भिकाबाई रडलीसुद्धा नाही. दिवाळी सरल्यावर मात्र एके सकाळी मेंढरं सोडत असलेल्या थोरल्या लेकाला, रामकिशनला, ती म्हणाली, "मला मुंबई दाखव. त्यानं पाह्यली तेवढी सगळी."

ज्ञानबा उन्हाळ्यात गावी यायचा तेव्हा मुंबईशिवाय बोलायचा नाही. मूळची ती सात बेटं, कोळ्यांची आणि मुंबादेवीची. पोर्तुगीज फिरंग्यांच्या राजकन्येच्या लग्नात ती इंग्रजाच्या राजाला आंदण गेली, मग मधल्या खाड्या बुजवून त्यांचं एक शहर झालं. राणीच्या बागेतला हत्ती, समुद्राच्या काठचा दगडी दरवाजा. मायला सगळं पाठ झालं होतं. रामकिशन मात्र ऐकता ऐकता उठून मेंढरांकडं जायचा. धाकट्याच्या वाट्याला सगळी दुनिया आणि आपल्या वाट्याला लेंड्या, असं त्याला वाटायचं.

मेंढ्या व्यायला आल्या होत्या, त्याला जायचं नव्हतं. पण मायनं पुन्हा विषय काढला नाही, आणि तेच त्याला जड गेलं. ज्ञानबाच्या बायकोवर, यशोदाबाईवर, कळप सोपवून दोघं वसमतला गाडीत बसली. पूर्णेला गाडी बदलली, मनमाडला बदलली. बोरीबंदरला उतरेस्तोवर भिकाबाईचे पाय सुजले होते.

ज्ञानबाचा सोबती सेवा त्यांना न्यायला आला होता. कळमनुरीकडच्या बंजारा तांड्यावरचा हा गडी ज्ञानबाच्या जोडीनं गोदीत कापसाच्या गाठी उचलायचा. त्यानं आधी मुंबादेवीला नेलं. भिकाबाईनं हात जोडले आणि विचारलं, ज्ञानबा इथं कुठं बसायचा? सेवानं एका ओट्याकडं बोट केलं. ती त्या ओट्यावर जाऊन बसली. राणीच्या बागेत तिनं हत्तीकडं धड पाहिलं नाही. लेक कुठं उभा राहायचा तेवढंच विचारलं. सेवानं एक झाड दाखवलं. तिथून तिघं ट्रामनं अपोलो बंदरला आली.

दगडी दरवाजाखाली वारा होता. समोर पाणी, पाण्यात बोटी. भिकाबाईनं तोच सवाल केला. या वेळी सेवाचा हात वर गेला नाही.

"माय, तो इथं कधी आलाच न्हाई. ओटा अन् झाड मी उगंच दाखवलं," तो म्हणाला. "सुट्टीला निजून राहायचा. पाठ धरलेली असायची. मी हिंडून आलो की पडल्या पडल्या इचारायचा, आज काय पाह्यलं? गावाकडं सांगाया लागतं म्हनायचा."

रामकिशन खाली बसला. इतक्या वर्षांचा राग कुणावर काढावा, ते त्याला कळेना. रागही फारसा उरला नव्हता. नुसता शीण होता.

भिकाबाईनं पाण्याकडं पाठ फिरवली. मग म्हणाली, "मंग तो कुठं निजायचा ते दाखव."

गोदीमागच्या चाळीत एका अंधाऱ्या खोलीत माणसं पाळीपाळीनं निजत. ज्ञानबाच्या जागेवर आता रातपाळीहून आलेला कुणी अनोळखी पोरगा झोपला होता. सेवा त्याला उठवायला गेला, तर भिकाबाईनं हातानं थांबवलं. ती त्याच्या उशाशी टेकली आणि पदरानं हळूहळू वारा घालू लागली. पोरगा कूस बदलून पुन्हा झोपी गेला. तिचे डोळे तेव्हा वाहायला लागले, पण हात थांबला नाही. रामकिशनला भिंतीला टेकल्या टेकल्या डोळा लागला.

मायलेक हट्ट्याला परतली तेव्हा यशोदाबाई मेंढवाड्याच्या दाराशी कोकरू मांडीवर घेऊन बसली होती. दोन कोकरं दगावली होती. तिनं मुंबईचं काही विचारलं नाही. नवऱ्याची राहायची जागा पाहिली का, एवढंच विचारलं.

"कोरडी हाये," भिकाबाई म्हणाली. "निजाया बरी हाये."

यशोदाबाईनं मान हलवली. रामकिशननं तिच्या मांडीवरचं कोकरू उचललं, तिला आत जाऊन पड म्हणाला, आणि पायांवरची धूळ न झटकता कळप घेऊन नदीकडं निघाला.