आडवं होऊन बघितलेली घरं

घर बघायला गेलेली माणसं नळ सोडून बघतात, खिडक्या उघडझाप करतात, ओल आली आहे का म्हणून भिंतीवरून हात फिरवतात. आमचे हे सरळ आडवे होतात. अंगातलं जाकीट काढायचं, त्याची गुंडाळी डोक्याखाली घ्यायची आणि परक्याच्या रिकाम्या खोलीत भर सकाळी जावयासारखं पसरायचं. मी मधलं दार लावून पलीकडच्या खोलीत बसते, पिशवीतून छोटी हातमशीन काढते आणि कुणाच्या तरी पडद्याची कड शिवायला घेते. घरमालक एकदा माझ्याकडे बघतात, एकदा दाराकडे. काहींनी आम्हाला वेड्यात काढलं. काढोत बापडे!

यात वेडं काही नाही. हे बेकरीत भट्टीवर असतात. सगळं गाव झोपतं तेव्हा पाव भाजतात आणि गाव उठलं की घरी येऊन झोपतात. मी घरीच शिवणकाम करते. पडदे, अभ्रे, शाळेचे गणवेश, कुणाची पँट सैल करायची, कुणाची आखूड. म्हणजे यांची झोपायची वेळ तीच माझी कामाची वेळ. आणि घर म्हणाल तर एकच खोली. पलंगाच्या पायथ्याला माझी पायमशीन. आईनं दिलेली, लोखंडाची, अशी दणकट की मला पुरून उरेल. अशी आमची कितीतरी वर्षं गेली, आणि चांगली गेली.

मग एक दिवस नणंदबाई सकाळच्या आल्या. हे गाढ झोपलेले, मी मशीनवर. त्यांनी दारातच गालावर हात ठेवला. "अगं वहिनी, या खडखडाटात दादा झोपतो तरी कसा? रात्रभर आगीपुढे उभा राहून येतो बिचारा. माणूस आहे की दगड?"

नणंदेचं बोलणं एका कानानं ऐकावं आणि दुसऱ्या कानानं सोडून द्यावं, एवढी अक्कल मला आहे. पण हे बोलणं लागलं. म्हटलं, खरंच की! हा माणूस कधी तक्रार करत नाही म्हणून मी काय त्याच्या उशाशी कारखाना चालवायचा? दुसऱ्याच दिवशी मशीन हातगाडीवर घातली आणि नणंदेच्या गॅलरीत नेऊन ठेवली. सकाळी यांना चहा द्यायचा, पांघरूण घालायचं आणि तिकडे कामाला जायचं, असं सुरू झालं. यांना म्हटलं, "आता झोपा निवांत." हे म्हणाले, "कशाला उगाच?" आणि गप्प बसले. गप्प बसणं हा यांचा एकुलता एक दुर्गुण आहे, पण तो पुरेसा आहे.

एवढं केलं, पण हळूहळू यांचे डोळे लाल दिसायला लागले. मी खिडकीला दुहेरी पडदा लावला. खालच्या सायकलवाल्याला हातोडा चालवतो म्हणून झापलं. समोरच्या बाईंच्या कुत्र्यालाही दोन शब्द ऐकवले. काही उपयोग नाही. आणि मग ते झालं. भट्टीसमोर उभ्या उभ्या यांचा डोळा लागला. आतले पाव जळून कोळसा झाले, दचकून जागे होताना कोपर भट्टीच्या दाराला टेकलं आणि कातडी सोलून निघाली. बेकरीचे मालक वाईट नाहीत, पण स्पष्ट बोलले, "पुन्हा असं झालं तर भट्टीवर मला दुसरा माणूस बघावा लागेल." त्या दिवशी मी यांच्या कोपराला मलम लावलं. ते नुसतं कोपर होतं. तोंडही असू शकलं असतं.

त्यातच नणंदेची लेक तान्ह्या बाळाला घेऊन राहायला येणार म्हणून गॅलरी मोकळी करायची वेळ आली. म्हणून हे घर शोधणं. दोन खोल्या हव्यात आणि मधली भिंत जाड हवी, बाकी काही असलं काय आणि नसलं काय. मी मनाशी एक ठरवून टाकलं होतं, यांना न सांगता. घर मिळालं नाही तर मशीन विकायची आणि शिलाईच्या कारखान्यात नोकरी धरायची. जुन्या मशिनी घेणाऱ्या माणसाला तसं सांगूनही ठेवलं होतं. त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडलेही. हे भट्टीवर होते, त्यामुळे बरं झालं.

आमच्या एजंटला आम्ही 'एकदम' म्हणतो. त्याचं प्रत्येक घर एकदम शांत, एकदम हवेशीर आणि एकदम तुमच्यासाठीच असतं. पहिल्या घरात यांना डोळे मिटून पडलेलं बघून मालकीणबाईंना वाटलं, माणूस गेला. त्यांनी तांब्याभर पाणी तोंडावर मारलं. दुसऱ्या घरात भिंत पुठ्ठ्याची, तिथं मी यांना आडवं होऊच दिलं नाही. तिसऱ्यात सगळं ठीक, पण हे बाहेर येऊन म्हणाले, "नाही गं, लागत नाही डोळा." चौथ्यातही तेच. एकदमला घाम फुटायला लागला.

मग मिळालं खरं घर. मागच्या अंगाला खोली, हातभर जाड भिंत, जड लाकडी दार. ते लावलं आणि मी आतून हाक मारली तर बाहेर उभ्या एकदमला ऐकू गेली नाही. माझ्या जिवात जीव आला. हे आडवे झाले. मी अख्ख्या पडद्याची कड शिवली, मग दुसऱ्याची. आतून चाहूल नाही. एकदमनं मला खुणेनं विचारलं, झोपले? मी खुणेनं म्हटलं, झोपले! तेवढ्यात दार उघडलं. हे उभे, हातात जाकीट, शाळेत उशिरा पोचलेल्या पोरासारखं तोंड.

"नाही लागला," म्हणाले.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, आता काय तुम्हाला विहिरीत नेऊन झोपवू? आवाज येतो का?"

"नाही."

"उजेड येतो?"

"नाही गं."

"मग नक्की काय हवंय तुम्हाला? कोपर जळालं, उद्या हात जळेल, आणि मी काय करू ते तरी सांगा! मशीन विकायला काढलीय मी तुमच्यापायी!"

बोलून गेले आणि जीभ चावली. यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पिशवी भरायला लागले. एकदम बिचारा जिन्यात जाऊन उभा राहिला.

खाली उतरताना तोच चाचरत म्हणाला, "वाटेत एका घराची किल्ली मालकांना द्यायचीय. दोन मिनिटं बसाल का तिथं? ते घर तुमच्या कामाचं नाही. दोन खोल्यांच्या मधे दारच नाही, नुसती चौकट आहे."

गेलो. मालक यायचे होते. मी एका खोलीत भिंतीला टेकून बसले, हे पलीकडच्या खोलीत. चौकटीतून मला यांचे नुसते पाय दिसत होते. रिकामं बसले तर रडू फुटेल, म्हणून मी मशीन काढली. उरलेल्या पडद्याची कड घालायला घेतली. खडखड, खडखड. मोकळ्या घरात आवाज असा घुमला की विचारू नका. घुमू दे, म्हटलं.

जरा वेळानं पडदा वळवायला थांबले.

"काय झालं?" पलीकडून आवाज आला. जाड, झोपेतला.

मी चौकटीतून डोकावले. हे भिंतीला टेकल्या टेकल्या कलंडले होते. मी काही न बोलता पुन्हा मूठ फिरवली. यांच्या पापण्या खाली आल्या आणि लगेच घोरणं सुरू झालं, आमच्या खोलीत व्हायचं ते, जुनं. मी थांबले. घोरणं थांबलं. डोळे उघडले. मी फिरवली. मिटले.

एकदम दारातून कुजबुजला, "ताई, बंद करा ना ती, झोपलेत ते!"

"बंद केली तर उठतील," मी म्हटलं, आणि माझ्याच कानावर माझा विश्वास बसेना. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आणि तो कळसा मी स्वतः हातगाडीवर घालून नणंदेकडे पोचवला होता.

पुन्हा पडदा वळवताना हे अर्धवट जागे झाले. मी विचारलं, "अहो, तुम्हाला मशीन चालू असली की झोप लागते?"

जरा वेळ गप्प. यांचा दुर्गुण. मग म्हणाले, "मलाही आत्ताच कळतंय. ती थांबली की वाटतं, तू कुठं गेलीस. मग कान लावून पडून राहतो."

एवढे महिने मी या माणसाला पांघरूण घालून रोज सकाळी निघून जात होते. शांतता देते आहे असं समजून.

फोन वाजला. मशिनी घेणारा. माझा एक हात मुठीवर, दुसरा पडद्यावर. मानेनंच एकदमला खुणावलं. त्यानं फोन कानाला लावला आणि माझ्याकडे बघितलं.

"सांगा त्यांना, विकायची नाही," मी म्हटलं.

मग घरमालक आले. भले गृहस्थ. चौकटीकडे बोट दाखवून हळूच म्हणाले, "इथं दार बसवून देतो. सुताराला सांगितलंय."

"दार नको," मी म्हटलं. "बाकी घर पसंत आहे."

तेवढ्यात पडदा संपला. पिशवीत दुसरं काम नव्हतं. हे तोंड उघडं टाकून झोपले होते, जळालेल्या कोपराचा हात छातीवर. मी सुईतला दोरा काढून टाकला आणि रिकामीच मशीन चालवत राहिले.