पाहुण्यायपुढचा प्रश्न

"आज तोंड शिवून बस," बाबानं सकाळीच दम देला. "मांगच्या पाहुण्यायले तूच हाकललं."

खोटं नाही. मांगचा पोरगा दामिनीताईले म्हणे, चालून दाखव. मी म्हटलं, बैलबाजार हाय का हा? झालं, उठले. तवापासून ताईचं लगन जमत नाही त खापर माह्यावर.

म्हणून आज अकोल्याच्या घरी, आमच्या बैठकीत, मी भिंतीले चिकटून उभी होती. अमरावतीहून किशोर आला होता, संग त्याची मोठी बहीण वर्षाली. ताईनं चहा देला.

वर्षाली किशोरकडे वाकून म्हणाली, "शी इज नाइस. बट कीप हर ऑन द बॅक बर्नर. सी द वरूड गर्ल फर्स्ट."

मी नववीत मॅडमसंग भांडून शाळा सोडली. पण ताई बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करून राहिली, अन् रोज सकाळी पुस्तक माह्या हातात असते. मी इंग्रजी म्हण विचारायची, तिनं अर्थ सांगायचा. ती चुकली का माही टपली तिच्या डोक्यात. तिच्या आधी मलेच पाठ झाल्या.

कान तापले. ताईकडे पाह्यलं. ती खाली पाहून राहिली होती.

किशोर बाबाले म्हणाला, "मुलगी पसंत आहे काका. फक्त दोन महिने थांबा. तोवर दुसरं स्थळ पाहू नका."

बाबाचे हात जोडाले उठले. आता बोलली त लगन मोडलं माह्यामुळं. नाही बोलली त ताई दोन महिने फोनकडे पाहत बसते. मी ओठ दातात धरला. बाबाचा डोळा माह्यावरच.

"आचल," ताई म्हणाली, "बॅक बर्नरवर ठेवणं म्हणजे काय वो?"

आजवर तिनं मले कधी विचारलं नव्हतं.

"येत नाही का? टपली देऊ?" ती माह्याच थाटात म्हणाली.

"सध्या बाजूले ठेवून देणं," मी म्हटलं. "पुढं लागलं त पाहू."

"वाक्यात उपयोग कर."

"वरूडची पोरगी पाहेपर्यंत दामिनीताईले बॅक बर्नरवर ठेवा."

वर्षालीचा कप तोंडाशीच थांबला.

बाबा उठले. मले वाटलं, आता बसते थोबाडीत. त्यायनं किशोरच्या हातातली बशी घेतली.

"वरूडची एसटी पाचले सुटते," म्हणे. "निंगा."