खाली ठेवलेला पेला

सुहैलाबाई डॉक्टर आहेत, पण रोग्यांच्या नव्हे, पाण्याच्या. आमच्या दलदलीतल्या बुन्नी माशांवर त्यांचं उभं आयुष्य गेलं. विद्यापीठात मोठ्या पदावर चढल्या, तरी दर वसंतात माझ्या होडीत येऊन बसतात. त्यांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत वाचतच मी म्हातारपणी अक्षरं शिकलो.

हल्ली त्या तरुण प्राध्यापकांना पुढारपण शिकवतात. यंदा सरमदला घेऊन आल्या. पोरगा दूरच्या मोसुल शहरातला, हुशार, पण चार माणसांत घाम फुटणारा. आणि काम तर अवघड. अंडी घालायच्या दिवसांत मोठ्या कालव्यात वीज सोडून मासे मारणं बंद व्हावं, यासाठी आमच्या टोळीच्या शेख मुतशरना राजी करायचं. बाई कितीतरी वर्षं तेच सांगत होत्या. यंदाही जमलं नसतं तर कालव्यात बुन्नी उरलीच नसती.

"अबू मिझहर, आज बोलणार तो," बाई होडीत मला म्हणाल्या. "मी तोंड उघडलं की तुम्ही खोका."

"मला क्षय झाला म्हणतील, बाई."

"म्हणू देत."

शेखच्या बोरूने शाकारलेल्या बैठकीत कॉफी फिरली. सरमदने पेला घेतला आणि कागद शोधायला तो तसाच चटईवर ठेवला. सगळ्यांच्या नजरा त्या पेल्याकडे वळल्या. आमच्याकडे पाहुण्याने भरला पेला खाली ठेवला, की त्याचं काही मागणं असतं. ते मान्य होईपर्यंत तो पीत नाही. पोराला याचा पत्ताच नव्हता.

"शेखसाहेब, तो नवखा..." बाई म्हणाल्या.

मी खोकलो.

"नाही, म्हणजे त्याला..."

मी आणखी जोरात खोकलो. बाईंनी ओठ मिटले आणि चटईची वीण बघत बसल्या.

"माग बाळा," शेख म्हणाले. "आमच्या हातातलं असेल तर दिलं."

सरमदने बाईंकडे पाहिलं. तिथून काही मिळेना, तेव्हा त्याने कागद बाजूला ठेवले.

"अंडी घालायच्या दिवसांत कालव्यात वीज नको," तो म्हणाला. मग जरा थांबून, "आणि राखण तुमच्याच माणसाने करावी. विद्यापीठाच्या माणसाने नको."

बाईंनी झटकन मान वर केली. हे त्यांनी शिकवलेलं नव्हतं.

शेखचा पुतण्या खझल उसळला, "काका, माझा जनरेटर?"

"घरात लाव. बायकोला तुझं तोंड तरी दिसेल," शेख म्हणाले. "आणि राखण तूच करायची. कोण कुठे तारा लपवतो ते तुझ्याइतकं कुणाला माहीत? पी, बाळा."

हशा पिकला. सरमदने कडू कॉफी औषधासारखी घशात ओतली.

शेख बाईंकडे वळले. "तुम्ही इतकी वर्षं तक्ते दाखवता आणि कॉफी पिऊन मोकळ्या होता. आम्हाला वाटायचं, यांना मागायचं काही नाही, नुसतं सांगायचं आहे."

"रीत ठाऊक होती, शेखसाहेब," बाई हसून म्हणाल्या. "पण पुरावा हातात असताना मागायचं कशाला, असं वाटायचं."

परतताना होडीत सरमद म्हणाला, "बाई, आता खझलशी काय बोलायचं?"

बाईंनी सांगायला तोंड उघडलं. माझ्याकडे पाहिलं. मी अजून खोकलोही नव्हतो.

"तूच ठरव," त्या म्हणाल्या, आणि पाण्यात हात घालून बसल्या.