उत्तर द्यायला लागलेला वेळ

"फोनवर बोलायचं तर बाहेर जाऊन बोला, मिस्टर लोनी. मला बाईंची कूस बदलायचीय," अर्नेस्टीन म्हणाली.

लोनी टिडवेल फोन कानाला लावून खोलीबाहेर आला. पलीकडून कुठल्याशा सतरा वर्षांच्या पोराचा मामा बोलत होता. भाचा जॉर्जियातल्या कॉलेजात जाणार की इथेच टेन्सॉ विद्यापीठात येणार, हे मामाला माहीत नव्हतं. पण माहीत असल्याचा आव आणण्यात त्याला गंमत वाटत होती. लोनीने ऐकून घेतलं. डोक्यावरचे केस काळे होते तेव्हापासून तो मिलर्स बेंडच्या दैनिकासाठी टेन्सॉच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या बातम्या लिहीत होता आणि त्यातला निम्मा काळ असल्या मामांचं ऐकण्यात गेला होता. सामने काय, पानगळीच्या दिवसांत सुरू होऊन संपूनही जातात. उरलेलं वर्ष दक्षिण अलाबामातल्या माणसांना एकच काळजी असते, पुढल्या वर्षी संघात कोण येणार. मोठमोठे कोच शाळकरी पोरांच्या घरी जाऊन बसतात, त्यांच्या आयांच्या हातचं जेवतात, आणि लोनीसारखी माणसं त्या घरांबाहेर गाडीत बसून वाट बघतात.

तो आत आला तेव्हा ग्लेंडा खिडकीकडे तोंड करून निजली होती. आदल्या वर्षी अर्धांगवायूने तिची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आयुष्यभर चर्चमध्ये पियानो वाजवलेली बाई. अर्नेस्टीन तिचे केस विंचरताना एखादं भजन गुणगुणायची, तेव्हा ग्लेंडाच्या डाव्या हाताची बोटं चादरीवर हलायची. हे पहिल्यांदा अर्नेस्टीनच्याच लक्षात आलं होतं. तेव्हापासून तिने एकही दिवस गुणगुणणं चुकवलं नव्हतं. शुश्रूषागृहात मदतनीस पुष्कळ होत्या, पण लोनीचा जीव हिच्यावर निर्धास्त होता.

अर्नेस्टीन बॅटलचा मुलगा डेमेट्रिक हा त्या भागातला सगळ्यात वेगवान पोरगा. बॉल काखेत घेऊन निघाला की अंगावर येणारे हात त्याला नुसते चाटून जात. टेन्सॉने त्याला वर्षापूर्वीच जागा आणि शिक्षणाचा सगळा खर्च देऊ केला होता. मुख्य कोच ब्रँटली स्वतः त्यांच्या घरी येऊन तळलेला मासा खाऊन गेला होता. निघताना तो दारात थांबून अर्नेस्टीनला म्हणाला होता, "मॅम, आजपासून हा माझाही मुलगा." आता करारावर सही करायचा दिवस तेवढा राहिला होता. सही होईपर्यंत सगळं तोंडी असतं.

"अर्नेस्टीन," लोनी खुर्चीत बसत म्हणाला, "रविवारी मी डेमेट्रिकला चर्चच्या पायऱ्या उतरताना पाहिलं. कठडा धरून, एकेक पायरी उतरत होता."

तिचा कंगव्याचा हात थांबला.

"हे पेपरवाला विचारतोय की बाईंचा नवरा?"

"तुम्ही म्हणाल तो."

"मग पेपरवाल्याला बाहेर बसवा."

लोनीने हातातलं पेन खिशात ठेवलं. या धंद्यात पेन खिशात ठेवण्याला शपथेइतकीच किंमत असते.

शेवटच्या सामन्यात पोराचा गुडघा पिरगळला होता. तो उठून चालत बाहेर आला, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. अर्नेस्टीन त्याला गुपचूप माँटगोमेरीच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. आतला स्नायुबंध फाटला होता. शस्त्रक्रिया करावी लागणार होती, वर्षभर विश्रांती, मग कदाचित पहिल्यासारखं धावता येईल.

"एकदा सही झाली की विद्यापीठ उपचार करील, शिक्षणही देईल. मग त्याने बॉलला हात नाही लावला तरी चालेल मला," ती म्हणाली. "ही लबाडी आहे, मला कळतंय. पण ते पोराला माणूस म्हणून नेत असते ना, तर मी पहिल्या दिवशीच सांगितलं असतं."

ग्लेंडा उघड्या डोळ्यांनी खिडकीबाहेर बघत होती.

ही वर्षातली सगळ्यात मोठी बातमी होती. इंटरनेटवरची पोरं दर तासाला काहीतरी छापत होती, खरं-खोटं बघायला त्यांना सवड नव्हती, आणि संपादक रोज सकाळी लोनीला विचारत होता, "आपल्याला सगळं शिळंच का मिळतं रे?" लोनीने त्याला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. एखादी गोष्ट पोटात ठेवणं त्याला कधी जड गेलं नव्हतं.

सहीच्या आदल्या आठवड्यात कोच ब्रँटलीने त्याला दुपारी बोलावून घेतलं. सराव बघणं त्याने सगळ्या बातमीदारांना बंद केलं होतं. लोनीला मात्र अधूनमधून खोलीत बसवून कॉफी पाजायचा. लोनी निरुपद्रवी आहे, असं त्याचं मत होतं.

"ग्लेंडा कशी आहे?" त्याने आधी विचारलं. वाईट माणूस नव्हता तो. ती आजारी पडली तेव्हा त्याने फुलं पाठवली होती.

"आहे तशीच."

"माझी बायको रोज प्रार्थनेत नाव घेते तिचं." मग टेबलावरचे कागद सारखे करता करता तो सहज म्हणाला, "ते बॅटलचं पोरगं, लोनी. तू त्यांच्याच गावात राहतोस. बरा आहे ना तो?"

'हो' म्हटलं असतं तरी चाललं असतं. 'चांगला आहे की' म्हणून विषय बदलता आला असता. लोनीने जन्मभर हाच उद्योग केला होता. प्रश्न टाकायचा आणि समोरचा उत्तराआधी किती थांबतो ते बघायचं. शब्दांपेक्षा त्या थांबण्यातच बातमी असते, हे तो नव्या पोरांना शिकवायचा. आणि आज त्याचीच जीभ टाळूला चिकटली. अर्नेस्टीनचा थांबलेला कंगवा त्याच्या डोळ्यांपुढे आला. त्याने कॉफीचा पेला उचलला, एक घोट घेतला, पेला खाली ठेवला.

"मी काही डॉक्टर नाही, कोच."

ब्रँटलीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"नाहीस खरा," तो म्हणाला. आणि मग तळ्यावरच्या मासेमारीबद्दल बोलत राहिला.

लोनी गाडीत येऊन बसला. कोचच्या काही लक्षात आलं नसेल, असं त्याने स्वतःला समजावलं. अर्नेस्टीनला फोन करायला म्हणून त्याने फोन हातात घेतला. पण सांगणार काय? मी काहीच बोललो नाही, हे? त्याने फोन बाजूच्या सीटवर टाकला.

दोन दिवसांनी शाळेच्या मधल्या सुट्टीत डेमेट्रिकला फोन आला. ब्रँटलीचा नव्हता, त्याच्या हाताखालच्या कुणाचा तरी होता. दुसऱ्या विद्यापीठातून एक अनुभवी खेळाडू आमच्याकडे येतोय, त्यामुळे जागा उरली नाही; तुझ्याबद्दल आम्हाला फार आदर आहे. गुडघ्याचं नावही त्याने काढलं नाही.

सहीच्या दिवशी शाळेच्या व्यायामशाळेत लांब टेबल मांडलं होतं. चार खुर्च्यांपैकी एक कुणीतरी आधीच उचलून नेली होती. तीन पोरं आपापल्या कॉलेजच्या टोप्या घालून बसली, आया मागे उभ्या राहिल्या, फोटो निघाले. डेमेट्रिक आला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तो वर्गातल्या पोरांमध्ये बाकावर बसला होता आणि प्रत्येक सहीला टाळ्या वाजवत होता. लोनीला त्याच्याकडे जाणं भाग होतं. जिल्ह्यातले बाकी सगळे बातमीदार जाऊन आले होते.

"काही बोलायचंय, डेमेट्रिक?"

"त्या तिघांचं अभिनंदन लिहा, सर. टायलर समोरच्यांना अडवून माझी वाट मोकळी करायचा. त्याचं नाव नेहमी राहून जातं."

लोनीने टायलरचं नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या हॉटेलात बांधकामाची ठेकेदारी करणारा डग स्पायव्ही शेजारच्या टेबलावरून म्हणाला, "कोच उगाच कुणाला सोडत नाही. पोराने काहीतरी भानगड केली असणार."

"किंवा नापास झाला असेल," दुसरा कुणीतरी म्हणाला.

"त्याने काही केलेलं नाही," लोनी म्हणाला.

"तुला काय माहीत?"

लोनीसमोर अंडी आणि मक्याची लापशी निवत होती. डग उत्तराची वाट बघत राहिला, मग हसला. "बघ. तुलाही माहीत नाही."

लोनी तिथून उठला तो थेट शुश्रूषागृहात गेला. अर्नेस्टीन ग्लेंडाला चमच्याने सफरचंदाचा गर भरवत होती. ही बाई त्या आठवड्यातही एकही दिवस चुकली नव्हती. लोनी दारातच उभा राहिला.

"तुम्ही सांगितलंत?" तिने मान न वळवता विचारलं.

"नाही."

"मला वाटलंच होतं. तुम्ही सांगणाऱ्यातले नाही."

तिने इतकं म्हटल्यावर लोनीला तिथेच गप्प राहता आलं असतं.

"कोचनी विचारलं होतं," लोनी म्हणाला. "पोरगा बरा आहे ना म्हणून. मला पटकन 'हो' म्हणता आलं नाही."

अर्नेस्टीनने चमचा वाटीत ठेवला. ग्लेंडाची हनुवटी पुसली. मग वळली.

"म्हणजे काय म्हणालात?"

"मी डॉक्टर नाही म्हणालो."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी जरा वेळ गेला."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. ती नुसती दमलेली दिसत होती.

"माझं पोरगं रात्रंदिवस खोटं हसत हिंडतंय, मिस्टर लोनी. दुखत असताना सरळ चालून दाखवतंय. सतरा वर्षांचं आहे ते. आणि तुम्हाला एक शब्द बोलता आला नाही?"

"मी सगळं छापतो," लोनी घाईने म्हणाला. "कोच घरी येऊन काय बोलले, नंतर काय केलं, गुडघ्याचं, सगळं. निदान लोक पोराला नावं तरी ठेवणार नाहीत. माझी नोकरी गेली तरी जाऊ दे."

"आणि मग? एखादं छोटं कॉलेज अजून घेईल त्याला. मिसिसिपीतल्या एकाने फोन केलाय. गुडघ्याचं छापून आलं की तेही गेलं." तिने वाटी पुन्हा उचलली. "तुम्ही आता काहीच बोलू नका. तेवढं तरी नीट करा."

ग्लेंडा नवऱ्याकडे बघत होती. तिला सगळं समजत असे, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी ओघळलं. अर्नेस्टीनने ते पुसलं आणि म्हणाली, "काही नाही हो बाई, काही नाही. आणखी एक घास."

लोनी बोलला नाही. गावात पोराबद्दल काय काय उठलं, कुणी चोरीचं म्हणालं, कुणी नशेचं, तो ऐकत राहिला. ब्रँटलीच्या पत्रकार परिषदांना जात राहिला, तो म्हणेल ते लिहीत राहिला. मिसिसिपीचा माणूस येऊन पोराला धावताना बघून गेला, त्याचा पुन्हा फोन आला नाही. मार्चमध्ये धर्मादाय रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. उशीर झाला होता. गुडघा पूर्ण सरळ होईना.

ग्लेंडा एप्रिलमध्ये गेली. लोनी तेव्हा सरावाच्या मैदानाच्या कुंपणाबाहेर उभा होता. फोन आला आणि तो धावत गाडीकडे गेला. खोलीत पोचला तेव्हा अर्नेस्टीनने तिचे केस विंचरून ठेवले होते, कानांत मोत्याच्या कुड्या घातल्या होत्या, खिडकी उघडली होती. त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत असे.

"हात अजून गरम आहेत," ती म्हणाली. "बसा. मी कुणाला आत येऊ देत नाही."

आणि ती दार ओढून घेऊन बाहेर उभी राहिली. किती वेळ, ते लोनीला कळलं नाही. तो बाहेर आला तेव्हा ती तिथेच होती. त्याला आभार मानायचे होते, पण तिने मान हलवली आणि ती पुढच्या खोलीत गेली. तिथे कुणीतरी घंटी वाजवत होतं.

सप्टेंबरात हंगाम सुरू झाला. पहिल्या सामन्याला विद्यापीठाच्या आसपास पाय ठेवायला जागा नव्हती. भर दुपारी ऊन नुसतं भाजत होतं. बातमीदारांच्या वाहनतळाचा रस्ता पोलिसांनी बंद केला होता, म्हणून लोनीने गाडी मागच्या गल्लीत घातली. तिथल्या चर्चवाल्यांनी आपलं गवताचं आवार गाड्यांसाठी उघडलं होतं. नारिंगी जाकीट घातलेला एक उंच पोरगा फाटकाशी हात दाखवत उभा होता. गाडी जवळ गेल्यावर लोनीने ओळखलं.

डेमेट्रिक खिडकीशी वाकला. "नमस्कार, सर."

"कसा आहेस?"

"बरा आहे." मग आवाराच्या टोकाकडे बोट दाखवून म्हणाला, "तिकडे पेकानच्या झाडाखाली लावा. सावली आहे तिथे. आई म्हणाली, तुम्ही आलात तर ती जागा तुम्हाला द्यायची. उन्हात गाडी तापते आणि तुम्हाला उशिरापर्यंत लिहीत बसायचं असतं."

"ती आहे का इथे?"

"नाही, कामावर गेलीय. या माझ्या मागून, मध्ये खड्डे आहेत."

मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. स्टेडियमकडून बँडचा आवाज येत होता, आणि मैदानात उतरणाऱ्या संघासाठी लोकांचा गजर उठला. डेमेट्रिकने तिकडे पाहिलं नाही. एक हात वर धरून तो गवतातून गाडीच्या पुढे चालू लागला. उजवा पाय जरासा ओढला जात होता, पाठ मात्र ताठ होती. त्याच्या चालीच्या पुढे गाडी जाऊ नये म्हणून लोनीने झाडापर्यंत ब्रेकवरचा पाय उचललाच नाही.