पहिला भोंगा

गिरणी बंद पडून दोन वर्षं होत आली, तरी गुणाजी परबाच्या अंगाला ती बातमी पोचली नव्हती.

संपाआधी वीस-बावीस वर्षं गुणाजीने कुर्ल्याच्या गिरणीत दुपारपाळी केली होती. घाटकोपरच्या भटवाडीत, टेकडीवरच्या त्याच्या खोलीपर्यंत गिरणीचा भोंगा ऐकू यायचा. पहिला भोंगा झाला की त्याची बायको सुगंधा तव्यावरची शेवटची भाकरी उतरवायची आणि डबा फडक्यात बांधायची. दुसऱ्या भोंग्याला हा मागावर उभा. आता फाटकाला कुलूप लागलं होतं. गुणाजी सकाळी वाण्याकडे पुड्या बांधायचा आणि दुपारी जेवून असा घोरायचा, की शेजारच्या सुंदराबाई भिंत ठोकायच्या.

मग दुपार कलली की घोरणं अचानक थांबायचं. गुणाजी झोपेतच ताठ उठून बसायचा. डोळे मिटलेले, चेहरा लालबुंद, मानेच्या शिरा टरारलेल्या. सुगंधाने एकदा त्याच्या गळ्याला हात लावला, तर आत मागावरच्या धोट्यासारखं काहीतरी सपासप येत-जात होतं. तिने भीतभीत विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "भोंगो झालो."

चाळीत कोणीच काही ऐकलं नव्हतं.

सुगंधा काही लेचीपेची बाई नव्हती. तिने भिंतीवरचं घड्याळ लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत घातलं. ढगाळ दिवस पाहून खिडक्या लावून घेतल्या. खोलीत वेळ कळायला वाट म्हणून ठेवली नाही. तरी नळाला पाणी यायच्या थोडं आधी, रोजच्यासारखाच, गुणाजी उठून बसला. चुलीपाशी तिची स्वतःची मानही घामाने भिजली होती, पण चुलीपाशी बसणाऱ्या बाईच्या घामाकडे कोण बघतो? तिनेही बघितलं नाही.

नाक्यावरच्या दवाखान्यात डॉक्टर अनुपमाबाईंनी त्याचा रक्तदाब सकाळी तपासला, तो बरा होता. दुपारी तपासला, तर पारा वर चढून काही केल्या खाली येईना. गोळ्या लिहून देऊन बाईंनी सुगंधाला नीट समजावलं. गळ्यातल्या रक्तवाहिनीत पहारेकरी असतात, दाब चढला की ते मेंदूला वर्दी देतात, मग मेंदू हृदयाला आवरतो आणि शिरा सैल सोडतो. पण मेंदू कामाची तयारी आधीपासून करतो, रोजची सवय असली तर आणखीच.

"त्यांचा मेंदू अजून पाळीवर जातोय," बाई म्हणाल्या. "आणि पहारेकऱ्यांनाही आता चढलेला दाबच बरोबर वाटायला लागलाय. ते वर्दीच देत नाहीत. गोळ्या चुकवू नका. एखादे दिवशी डोक्यातली शीर फुटेल."

गोळ्या सुरू झाल्या. तरी गुणाजी उठून बसायचाच. सुगंधा रात्रंदिवस त्याच्या कपाळाकडे बघत राहायची. तिला त्याच्यावाचून जगायचं नव्हतं, आणि हे तिने त्याला कधी सांगितलंही नव्हतं.

पहारेकरी म्हटल्यावर तिला आपल्या गावची राखण करणारा देव, राखणदारच आठवला. राखणदार अडून बसला तर त्याला गोळी लागू पडत नाही, गाऱ्हाणं घालावं लागतं. गिरणीच्या दारात दर दसऱ्याला कामगार नारळ वाढवायचे, म्हणजे तिथलं जागेवालं, त्या जागेचं दैवत, या सगळ्यांना ओळखत असणार. तिने गुणाजीचा चुलतभाऊ धोंडू याला बोलावून घेतलं. गावाकडे गाऱ्हाणी तोच घालायचा.

रविवारी तिघं कुर्ल्याला गेली. कुलपाला गंज चढला होता, आत गवत माजलं होतं. धोंडूने उंबऱ्याशी नारळ ठेवला आणि हात जोडण्याआधी रीतीप्रमाणे विचारलं, "आणि कोणाचा नाव घेवचा हा?"

गाऱ्हाण्यात ज्याचं नाव येतं तोच सुटतो. सुगंधा तर कधी या फाटकाच्या आत गेली नव्हती.

"नाय भावोजी," ती म्हणाली. "ह्येंचाच घ्या."

"बा म्हाराजा, ह्या गुणाजीन तुझी चाकरी केल्यान. आता तेका मोकळो कर."

"व्हय म्हाराजा," ती दोघं म्हणाली. आतून काहीच आवाज आला नाही.

त्या दिवसापासून गुणाजी दुपारभर घोरू लागला. सुंदराबाईंनी भिंत ठोकली तेव्हा सुगंधाला रडूच आलं.

पुढच्या खेपेला मुद्दाम दुपारचीच वेळ धरून दोघं दवाखान्यात गेली. गुणाजीचा पारा मुकाट जागेवर राहिला. बाई खूश झाल्या. गोळ्यांनीच गुण आला, म्हणाल्या. गुणाजी बाहेर बाकावर जाऊन डुलक्या घेऊ लागला. आलाच आहात तर तुमचाही बघते, म्हणत बाईंनी सुगंधाच्या दंडाला पट्टा गुंडाळला.

पारा चढला. बाईंनी हवा सोडून पुन्हा मोजला. तो आणखी चढला. गुणाजीचा कधी चढला नव्हता तितका.

"सुगंधाबाई, तुम्हाला काही होतंय का?"

सुगंधाने ऐकलं नाही. लांबून, कुर्ल्याकडून, एक बारीक आवाज निघून टेकडी चढत होता. मानेतून तो थेट डोक्यात शिरला. बाहेर गुणाजी शांत घोरत होता. तिची बोटं पदराचं टोक घेऊन आपोआप डबा बांधायला लागली होती.

पहिला भोंगा गुणाजीसाठी कधी नव्हताच. तो भाकरी उतरवायचा भोंगा होता, आणि ती चाकरी वीस-बावीस वर्षं सुगंधाने केली होती. धोंडूने विचारलं तेव्हा हे कोणालाच आठवलं नव्हतं, तिलासुद्धा नाही.